‘लागणे’ : अर्थ, उगम आणि यवतमाळकडील अन्यभाषी विद्यार्थी

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व व दक्षिण भागांत, म्हणजे केळापूर, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या तालुक्यांत, कोलामांचे पोड व गोंडांची गावे विखुरलेली आहेत. पश्चिमेकडे पुसद, दिग्रस, दारव्हा, आर्णी या पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. यांपैकी अनेक घरांतील मुलांची मराठीशी पहिली सलग गाठ शाळेत पडते. कोलामी व गोंडी या द्राविड कुळातील भाषा होत. बंजाऱ्यांची गोरमाटी ही मराठीप्रमाणेच भारतीय आर्य कुळातील, परंतु राजस्थानी वळणाची आहे. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा म्हणून नोंदविणाऱ्यांची देशातील संख्या सव्वा लाखाहून थोडी अधिक होती, आणि महाराष्ट्रात ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून गणल्या जातात त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्यासह कोलामांचा समावेश होतो. अशा विद्यार्थ्यांना मराठी शिकविताना संस्कृतप्रचुर शब्दांची धास्ती सर्वांनाच वाटते. प्रत्यक्षात ‘पर्यावरण’ किंवा ‘लोकसंख्या’ हे शब्द एकदा समजावून दिले की त्यांचे काम संपते, कारण त्यांना एकच अर्थ असतो व तो कोठेही गेला तरी बदलत नाही. खरी अडचण होते ती दिवसातून शंभर वेळा कानी पडणाऱ्या ‘लागणे’सारख्या क्रियापदाची.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या माणसाला विचारले जाणारे तीन साधे प्रश्न पाहावेत. ‘काय लागले?’ या प्रश्नाचा रोख जखमेवर आहे. ‘काय लागते?’ म्हणजे कशाची गरज आहे. आणि सोबतच्या माणसाकडे बोट करून विचारलेल्या ‘हा तुझा कोण लागतो?’ या प्रश्नाला उत्तर हवे असते ते नात्याचे. मराठी मातृभाषा असलेल्यास हे तीन प्रश्न तीन दिशांचे आहेत याची जाणीवही होत नाही. ज्याने ‘लागणे म्हणजे इजा होणे’ एवढेच पाठ केले आहे त्याला दुसरा प्रश्न चमत्कारिक वाटेल व तिसरा भीतीदायक. पुढे ‘दम लागतो का?’, ‘तहान फार लागते का?’, ‘झोप लागते का?’ असे प्रश्न येतात, आणि त्यांच्या उत्तरांवर औषध ठरते. तेव्हा या शब्दाचा प्रश्न केवळ व्याकरणाच्या तासापुरता राहत नाही.

शालेय पुस्तकांत या क्रियापदाची वासलात बहुधा वाक्प्रचारांच्या यादीत लावली जाते. ध्यास लागणे, चाहूल लागणे, मार्गी लागणे, वेड लागणे अशी रांग व प्रत्येकापुढे अर्थ, असे त्या यादीचे स्वरूप असते. कोशांनीही वेगळे केलेले नाही. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात व त्याच्या १८५७ च्या सुधारलेल्या आवृत्तीत, तसेच दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात (१९३२–३८) ‘लागणे’खाली अर्थांची मोठी मालिका आहे. कोशाला हे क्षम्य आहे, कारण ज्याला शब्द ठाऊक आहे तोच एखादा अर्थ पडताळण्यासाठी कोश उघडतो. शिकणाऱ्यास मात्र यादी पाठ करून शब्द येत नाही. यादीत जे विखुरलेले दिसते त्याच्या मुळाशी एक कल्पना आहे काय, आणि असल्यास ती यादीपेक्षा सोप्या रीतीने हाती देता येईल काय, एवढाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

व्युत्पत्ती येथे वादग्रस्त नाही. संस्कृतातील ‘लग्’ या धातूचा अर्थ चिकटणे, संलग्न होणे असा आहे. त्याचे भूतकृदन्त ‘लग्न’, म्हणजे चिकटलेले. प्राकृतात त्याचे ‘लग्ग’ झाले व तेथून मराठीत ‘लाग’ आले. प्राकृतातील जोडाक्षर मराठीत एकेरी होते व त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ होतो, हा नियम ‘सप्त, सत्त, सात’ व ‘अग्नी, अग्गि, आग’ या उदाहरणांमुळे विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. ‘नग्न’ पासून ‘नग्ग’ व पुढे ‘नागडा’ हे त्याच साच्यातील उदाहरण. गुजराती, बंगाली, राजस्थानी यांतही ‘लाग’ असाच दीर्घ स्वर आढळतो. हिंदीत तेवढा ‘लगना’ असा ऱ्हस्व आहे.

याच धातूचे ‘लग्न’ हे मूळ रूप मराठीने संस्कृतातून पुन्हा जसेच्या तसेही घेतले, आणि त्याचा प्रवास मोठा मनोरंजक आहे. ज्योतिषशास्त्रात एखाद्या क्षणी पूर्व क्षितिजाला टेकलेली, म्हणजे क्षितिजाशी ‘लग्न’ असलेली रास ती त्या क्षणाचे लग्न. त्यावरून शुभ मुहूर्त पाहण्याची वेळ, आणि वेळेवरून त्या वेळी होणारा विवाह, असा अर्थ सरकत गेला. आज मराठी माणूस ‘लग्न लागले’ असे म्हणतो तेव्हा एकाच धातूची दोन रूपे शेजारी उभी असतात: एक पोथीतून आलेले, दुसरे तोंडातोंडी झिजत आलेले. दोघांची ओळख मात्र बोलणाऱ्याला उरलेली नसते.

चिकटणे हा मूळ अर्थ ज्यांत उघड दिसतो अशा शब्दांचा गोतावळा मराठीत मोठा आहे. शेताला ‘लागून’ असलेला रस्ता, गावाच्या ‘लगत’ची वाडी, माणसामाणसांतील ‘लागेबांधे’ हे जागेचे किंवा संबंधाचे सान्निध्य दाखवितात. ‘लागोपाठ’, ‘लागलीच’ व ‘लगेच’ यांत तेच सान्निध्य काळावर आले. एका क्षणाला दुसरा क्षण टेकलेला, मध्ये फट नाही. जे चिकटलेले नाही ते ‘अलग’. रोग एकापासून दुसऱ्याला जातो ती ‘लागण’, आणि रोप मातीला धरते ती ‘लागवड’. नियम एखाद्याला ‘लागू’ होतो आणि औषध ‘लागू पडते’ यांतही कागदावरची किंवा बाटलीतली गोष्ट माणसाला येऊन भिडल्याचाच भाव आहे.

यवतमाळकडील मुलाला या कल्पनेची ओळख करून देण्यास शेतासारखे दुसरे ठिकाण नाही. पऱ्हाटीला पात्या लागतात, मग बोंडे लागतात, आंब्याला मोहोर व बोरीला बोरे लागतात. पायाला काटा लागतो, दगडाची ठेच लागते, विळा हाताला लागतो. झड लागते, म्हणजे पाऊस येऊन चिकटतो व दोन-तीन दिवस हटत नाही. उन्हाळ्यात ऊन लागते. रानाला आग लागते, आणि तिन्हीसांजेला दिवे लागतात. दिव्याच्या वातीला विस्तवाचा स्पर्श होतो म्हणून दिवा ‘लागतो’, आणि ती वेळ ‘दिवेलागण’. दार चौकटीला टेकले की दार लागले. या सर्व उदाहरणांत एक वस्तू बाहेरून येते, दुसऱ्या वस्तूपर्यंत पोचते व तिला भिडते. दोन्ही वस्तू डोळ्यांना दिसतात, म्हणून समजावून सांगण्यास फारसे काही उरत नाही.

यापुढची पायरी शरीराच्या अनुभवांची. मराठीत भूक, तहान, उचकी, धाप, ठसका, चाहूल, ध्यास, नाद, वेड, दृष्ट, पाप, सुतक हे सर्व माणसाला ‘लागतात’. अनुभवणारा माणूस येथे वाक्याचा कर्ता नाही. तो चतुर्थीत आहे, आणि अनुभव हाच कर्ता होऊन त्याच्याकडे येतो. ही रचना द्राविड भाषिक विद्यार्थ्यास परकी वाटण्याचे कारण नाही. तेलुगूत ‘नाकु आकलि वेस्तोंदि’ किंवा कन्नडमध्ये ‘ननगे हसिवागिदे’ असे म्हणतात त्यांत ‘नाकु’ व ‘ननगे’ ही ‘मला’ याच अर्थाची रूपे आहेत. अनुभवणाऱ्यास चतुर्थीत ठेवण्याची रीत आर्य व द्राविड या दोन्ही कुळांत पसरलेली आहे. कुळे भिन्न असूनही भारतीय भाषा एकमेकींच्या सहवासात किती सारख्या झाल्या आहेत, हे एम. बी. एमेनो यांनी १९५६ मध्ये सविस्तर मांडले. त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेले त्यांचे कोलामीवरील पुस्तक वर्ध्याकडील कोलामांच्या बोलीवर आधारलेले आहे, हा योगायोग येथे लक्षात घेण्याजोगा आहे. तेव्हा ‘मला’ हे रूप शिकविण्यात वेळ दवडू नये. अडखळण्याची जागा दुसरी आहे. तेलुगूत भूक एका क्रियापदाने व्यक्त होते, कन्नडमध्ये दुसऱ्या, आणि मराठीने त्यासाठी चिकटण्याचे क्रियापद निवडले आहे. शिवाय ‘मला भूक लागली’ हे वाक्य रूपाने भूतकाळी असून अर्थाने वर्तमान आहे. भूक येऊन लागली ती क्रिया संपली, आणि तिचा परिणाम आता चालू आहे. शिकणारा विद्यार्थी काळाचा विचार करून ‘मला भूक लागते’ असे म्हणतो व ऐकणाऱ्यास ते सवयीचे वर्णन वाटते. जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला आता भूक आहे, की त्याला रोज या वेळी भूक लागते, हा फरक एका प्रत्ययावर अवलंबून आहे.

‘झोप’ हा शब्द या दृष्टीने उत्तम कसोटी ठरतो. ‘मला झोप आली’ म्हणजे डोळे जड झाले, माणूस अजून जागा आहे. ‘मला झोप लागली’ म्हणजे तो झोपी गेला. येणे म्हणजे जवळ पोचणे आणि लागणे म्हणजे प्रत्यक्ष भिडणे, हा भेद येथे जितका स्वच्छ दिसतो तितका तो व्याख्येने सांगता येत नाही.

चवीचेही तसेच. भाजी तिखट लागते, लिंबू आंबट लागते, पाणी गार लागते, घोंगडी अंगाला खरखरीत लागते. परंतु रंग लाल ‘दिसतो’, आवाज मोठा ‘ऐकू येतो’, वास ‘येतो’. जिभेला व त्वचेला वस्तू प्रत्यक्ष टेकल्यावाचून ज्ञान होत नाही, डोळा व कान यांना तसे टेकावे लागत नाही. पंचेंद्रियांतील हा भेद मराठीने क्रियापदाच्या निवडीत जपून ठेवला आहे. हिंदीचा वारा लागलेल्या विद्यार्थ्यांस येथे सावध करणे इष्ट. हिंदीत ‘मुझे लगता है’ म्हणजे मला वाटते, आणि ‘अच्छा लगता है’ म्हणजे आवडते किंवा बरे वाटते. मराठीत मनाच्या प्रांतात ‘वाटणे’ आले आणि ‘लागणे’ जिभेपाशी थांबले. आता मराठी वर्तमानपत्रांतूनही ‘मला चांगले लागले’ असे हिंदी वळणाचे प्रयोग अधूनमधून डोकावतात. जेवणाचे वर्णन असेल तेव्हा ते बरोबर ठरतात. गोरमाटी बोलणाऱ्या मुलासही हा धातू घरचाच असल्यामुळे त्याची अडचण कोलाम मुलाच्या उलट असते. त्याला शब्द शिकावयाचा नसतो, आपल्या घरचा शब्द मराठीत कोठे थांबतो ते शिकावयाचे असते. ही दुसऱ्या प्रकारची अडचण अधिक चिवट होय, कारण ती दिसत नाही.

दिशेविषयी एक गोष्ट कोशांत स्पष्ट होत नाही. ‘त्याला काम लागले’ आणि ‘तो कामाला लागला’ ही दोन वाक्ये घ्यावीत. पहिल्यात काम माणसाकडे आले, म्हणजे नोकरी मिळाली. दुसऱ्यात माणूस कामाकडे गेला व त्याला भिडला. ‘त्याला नाद लागला’ व ‘तो नादाला लागला’ यांतही तोच उलटापालट आहे, आणि दोषाचा वाटाही त्याबरोबर बदलतो: पहिल्या वाक्यात माणूस बिचारा, दुसऱ्यात स्वतःच्या पायांनी गेलेला. चिकटणे ही दोन बाजूंची क्रिया असल्यामुळे कोणत्याही बाजूस कर्ता करता येते, आणि मराठी त्या सोयीचा पुरेपूर उपयोग करते. वाटेच्या वर्णनात हे विशेष लक्षात येते. करंजीहून वणीला जाताना मारेगाव ‘लागते’. चालतो माणूस, पण वाक्यात गाव येऊन त्याला भेटते.

‘तो माझा मामा लागतो’ या नात्याच्या प्रयोगाचा आणि ‘दहा रुपये लागतात’ या गरजेच्या प्रयोगाचा उगम फार लांब शोधण्याची आवश्यकता नाही. नाते म्हणजे जोडलेपण. आणि ज्या वस्तूशिवाय काम अडते ती कामाला जोडून घ्यावीच लागते, म्हणून तिची गरज. ‘अर्जाला जातीचा दाखला लागतो’ हे वाक्य शब्दशः घेतले तरी खोटे नाही. तो दाखला अर्जाला खरोखरच जोडावा लागतो.

या शेवटच्या वाक्यात ‘जोडावा लागतो’ असे आले, आणि येथूनच या क्रियापदाचा सर्वांत कठीण भाग सुरू होतो. ‘लागणे’ हे दुसऱ्या क्रियापदाचे सहायक होते तेव्हा त्याचे तीन वेगळे प्रयोग आढळतात. ‘मुलगा बोलू लागला’ येथे आरंभ आहे. ‘मुलाला बोलावे लागले’ येथे सक्ती आहे. आणि ‘मुलगी आईला भांडी घासू लागली’ येथे, आरंभाचा अर्थ अशक्य नसला तरी, प्रथम मनात येतो तो मदतीचा अर्थ: आई भांडी घासते आहे आणि मुलगी तिला हातभार लावते आहे. ‘मला ही पाटी उचलू लाग’ या आज्ञेत तर मदतीवाचून दुसरा अर्थच संभवत नाही. हा तिसरा प्रयोग व्याकरणाच्या शालेय पुस्तकांतून जवळजवळ हद्दपार झाला आहे. शेतात व चुलीपाशी मात्र तो पूर्ण जिवंत आहे, आणि तो लोपण्यासारखे त्यात काही नाही.

आरंभाचा प्रयोग समजावयास सोपा: माणूस क्रियेला भिडला, म्हणजे ती सुरू झाली. सक्तीचा प्रयोग उलगडण्यासाठी ‘बोलावे’ या रूपाचा इतिहास पाहिला पाहिजे. संस्कृतातील ‘-तव्य’ या प्रत्ययाचे प्राकृतात ‘-अव्व’ झाले व मराठीत ‘-आवा, -आवी, -आवे’. ‘कर्तव्य’ आणि ‘करावे’ ही मुळात एकच होत. ‘त्याने अभ्यास करावा’ असे आपण म्हणतो तेव्हा अपेक्षा किंवा उपदेश व्यक्त होतो, आणि करणारा तृतीयेत असतो. संस्कृतातील ‘तेन कर्तव्यम्’ याचाच तो वारसा आहे. त्याला ‘लागणे’ जोडले की माणूस तृतीयेतून चतुर्थीत जातो व अर्थ पालटतो: ‘त्याला अभ्यास करावा लागतो’. जे करावयाचे आहे ते बाहेरून येऊन त्याला चिकटले. भूक लागते तसेच कर्तव्यही लागते, आणि दोन्हींत माणसाच्या इच्छेला कोणी विचारीत नाही. म्हणूनच ‘मी गेले पाहिजे’ यात स्वतःच्या मनाने मान्य केलेले कर्तव्य असू शकते. ‘मला जावे लागते’ यात परिस्थितीचा रेटा असतो. विद्वानांच्या लेखनात ‘असे मानावे लागते’ हा प्रयोग इतका प्रिय का, याचेही उत्तर येथे सापडते. त्यात मत लेखकाचे असते आणि जबाबदारी पुराव्याची.

हिंदीत आरंभासाठी ‘करने लगा’ आहे, परंतु सक्तीसाठी ‘करना पड़ा’. तेथे दोन अर्थांना दोन धातू आहेत. तेलुगूत ‘नेनु वेळ्ळालि’ म्हणजे मला जावयाचे आहे किंवा मी गेले पाहिजे, आणि तेथे ‘नेनु’ म्हणजे मी हे प्रथमेतच राहते. तेव्हा तेलंगणाच्या सीमेवरील ज्या मुलाच्या कानावर तेलुगूही पडलेली असते त्याने ‘मी जावे लागते’ असे लिहिल्यास ती निष्काळजी चूक मानणे योग्य नव्हे. भुकेच्या वाक्यात दोन्ही भाषांची चतुर्थी जुळते आणि सक्तीच्या वाक्यात ती जुळत नाही, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

याहून मोठे संकट लिंगवचनाचे. ‘मला अर्ज लिहावा लागला’, ‘मला यादी करावी लागली’, ‘मला पत्र लिहावे लागले’, ‘मला फॉर्म भरावे लागले’. प्रत्येक वाक्यात कृदन्त व सहायक अशा दोन ठिकाणी कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे रूप बदलते. कोलामी व गोंडी यांत लिंगव्यवस्था आहे, पण ती वेगळ्या तत्त्वावर आहे. तेथे माणसांतील पुरुष एका वर्गात, आणि स्त्रिया, पशू व निर्जीव वस्तू दुसऱ्या वर्गात पडतात. लिंग ओळखण्यासाठी अर्थ पाहणे पुरेसे असते. मराठीत अर्ज पुल्लिंगी का, यादी स्त्रीलिंगी का आणि पत्र नपुंसकलिंगी का, याला अर्थाचा कोणताही आधार नाही. फारसी-अरबीतून आलेल्या कचेरीच्या शब्दांना तर मराठीने आपल्या मर्जीने लिंगे वाटली आहेत. म्हणजे सक्तीचे एक साधे वाक्य बिनचूक लिहिण्यासाठी कोलाम मुलाला विभक्ती बदलावी लागते, कृदन्त निवडावे लागते, कर्माचे पाठ केलेले लिंग आठवावे लागते व ते दोनदा लावावे लागते. नेमकी हीच वाक्ये अर्ज, प्रतिज्ञापत्र व कारणे दाखविण्याच्या उत्तरांत येतात, जेथे चूक झाल्यास हसणारे पुष्कळ असतात.

‘लागणे’चे सकर्मक जोडरूप ‘लावणे’. काटा लागतो, दिवा लावतात. रोप लावले तर ते लागते. ‘लागणे’मध्ये प्राकृतातील दुहेरी ‘ग्ग’मुळे ‘ग’ टिकला, ‘लावणे’मध्ये तो नाही, एवढे येथे नमूद करणे पुरे. सक्तीच्या प्रयोगाशी त्याचा मेळ मात्र पाहण्याजोगा आहे. ‘मला सही करावी लागली’ यात सक्ती करणारा अदृश्य आहे, ‘त्याने मला सही करायला लावली’ यात तो समोर उभा राहतो. सावकारी कागदांच्या व जमिनींच्या व्यवहारांच्या साक्षीत या दोन वाक्यांतील अंतर फार मोठे असते. पहिले वाक्य बोलणाऱ्याने कोणावरही आरोप केलेला नाही. भाताच्या ‘लावणी’शी गाण्याच्या लावणीचा संबंध आहे किंवा कसे, हा वाद जुना आहे आणि येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही.

जुन्या मराठीत या धातूने आणखी एक काम केले. ज्ञानेश्वरीच्या काळच्या भाषेत ‘लागीं’ हे ‘साठी’ किंवा ‘ला’ या अर्थाचे शब्दयोगी रूप विपुल आहे. ‘मजलागीं’, ‘तुजलागीं’ ही रूपे पुढे संतवाङ्मयातून आजच्या वाचकाच्याही कानात आहेत. आजचा चतुर्थीचा ‘-ला’ प्रत्यय याच ‘लागीं’चा झिजलेला अवशेष असावा, असे एक मत आहे. ते सर्वमान्य झालेले नाही. या मताच्या बाजूने नेपाळीतील ‘-लाई’ हा प्रत्यय दाखविता येतो, कारण त्याचा संबंध ‘लागि’शी जोडला जातो. वऱ्हाडीतील ‘-ले’ हा प्रत्ययही या चर्चेत आणला पाहिजे. ‘मले’, ‘तुले’, ‘त्याले’ या रूपांतील ‘ए’कार ‘लागि’मधील अंत्य ‘इ’कारातून आला असणे ध्वनिदृष्ट्या असंभवनीय नाही. तसे असल्यास ‘मले भूक लागली’ या तीन शब्दांच्या वाक्यात एकच धातू दोनदा आला आहे: एकदा प्रत्यय होऊन, एकदा क्रियापद राहून.

वऱ्हाडीचा उल्लेख येथे ओघाने आला, परंतु वस्तुतः तो प्रारंभीच यावयास हवा असे म्हणता येईल. पोडावरच्या किंवा तांड्यावरच्या मुलाच्या कानी शाळेपूर्वी जी मराठी पडते ती पुस्तकाची नव्हे. बाजारात, एस.टी.त, मजुरीच्या शेतात तो ऐकतो ती यवतमाळकडची वऱ्हाडी. या बोलीची नोंद ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात १९०५ मध्येच झाली, आणि कोलामी व गोंडी यांची चौथ्या खंडात १९०६ मध्ये. दोन खंडांत विभागलेल्या या भाषा एकाच बाजारात रोज भेटत होत्या व आजही भेटतात. वऱ्हाडीत ‘जावे लागते’ याचे ‘जा लागते’ होते, ‘करावे लागते’ याचे ‘करा लागते’, ‘द्यावे लागते’ याचे ‘द्या लागते’. कृदन्ताचा ‘वे’ गळाला. आरंभाच्या प्रयोगात मात्र ‘करू लागला’ किंवा ‘करायला लागला’ याऐवजी ‘कराले लागला’ असे म्हणतात, कारण ‘-ले’ हा तेथे चतुर्थीचा प्रत्यय आहे. परिणामी ‘करा लागते’ म्हणजे सक्ती आणि ‘कराले लागते’ म्हणजे आरंभ. दोहोंमध्ये एका ‘ले’ एवढेच अंतर उरते, आणि बोलणारा ते कधी चुकवीत नाही.

या आखडलेल्या रूपाचा एक गुण शिकविणाऱ्यांच्या ध्यानी सहसा येत नाही. ‘करावा, करावी, करावे’ हा लिंगभेद ‘करा’मध्ये उरत नाही, आणि पुष्कळांच्या तोंडी सहायकही ‘लागते’ एवढ्यावरच स्थिर राहतो. ‘अर्ज द्या लागते’, ‘फी द्या लागते’, ‘पैसे द्या लागते’. प्रमाण मराठीत ज्या दोन ठिकाणी कोलाम मुलाची गाडी अडते ती दोन्ही ठिकाणे बोलीने आधीच सपाट करून ठेवली आहेत. म्हणून तो मुलगा दाखल्यासाठी तहसील कचेरीत गेल्यावर ‘मले दाखला आणा लागते’ असे अचूक बोलतो, आणि तेच वाक्य उत्तरपत्रिकेत लिहितो तेव्हा त्यातील प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ येते. ‘मले’ हे वऱ्हाडीच्या नियमाने बरोबर आहे, ‘आणा’ हे ‘-तव्य’ या प्रत्ययाचे शेवटचे झिजलेले टोक आहे, ‘लागते’ हे बोलीत सर्व लिंगांना चालणारे रूप आहे. ‘दाखला’ हा शब्द तेवढा कोणत्याही मराठीत तसाच राहतो.